चादरीचं दुसरं टोक

काल दुपारी तू दोरीवरून वाळलेली चादर काढून आणलीस आणि म्हणालीस, "आजोबा, दुसरं टोक धरा ना, घडी घालू." मी नको म्हणालो. तू पुन्हा म्हणालीस, तर मी उठून बाहेर पायरीवर जाऊन बसलो. तू रुसलीस. जेवताना पाण्याचा तांब्या माझ्यापुढे जरा आपटूनच ठेवलास. तुझं रुसणं बरोबर होतं. दोन मिनिटांचं काम, आणि ज्या माणसानं जन्मभर चादरींच्याच घड्या घातल्या तोच नको म्हणतो, म्हणजे काय.

आज घरात आपण दोघंच आहोत. बाहेर अजून उजेड आहे. तर सांगतो. मला रचून सांगता येत नाही, माझी शाळा चौथीतच सुटली. मध्येच थांबलो तर ढोसू नकोस. आठवत असतो.

मी मोठ्या दवाखान्याच्या धुलाईखान्यात होतो, हे तुला माहीत आहे. वर सहा मजले आजारी माणसं आणि खाली तळघरात आम्ही. प्रत्येक मजल्यावरून एक पत्र्याची घसरगुंडी खाली यायची, तिच्यातून दिवसभर मळक्या चादरी धप्प धप्प पडायच्या. त्या सोड्याच्या हौदात जायच्या, मग पिळायच्या यंत्रात, मग वाळवणीच्या खोलीत. ही खोली बोळासारखी लांबच लांब. खिडकी नाही. भिंतींना वाफेचे गरम नळ फिरवलेले आणि वर तारांवर चादरी टांगलेल्या, एकीमागे एक. आत शिरलं की ऊब, ओल, साबणाचा आणि निळीचा वास. पाच पावलांवरचा माणूस दिसायचा नाही. नवा गडी पहिल्या दिवशी आत हमखास वाट चुकायचा आणि बाहेर सगळे दात काढायचे.

घडी तिथंच घालायची, कापड गरम असताना. त्याला दोन माणसं लागतात. दोघांनी समोरासमोर उभं राहून दोन दोन कोपरे चिमटीत धरायचे, चादर ताणायची, एक झटका द्यायचा. मग एकानं जागेवर थांबायचं आणि दुसऱ्यानं आपले कोपरे घेऊन त्याच्याकडे चालत यायचं, ते त्याच्या हातात द्यायचे. थांबतो तो घेणारा, चालतो तो देणारा. घेणाऱ्यानं कोपरे नीट पकडले की तोंडानं म्हणायचं, "घेतलं." तो शब्द कानावर पडल्याशिवाय देणाऱ्यानं चिमूट सोडायची नाही.

हे आम्हाला मुकादमबाईंनी शिकवलं. जाड भिंगांचा चष्मा, आणि त्यावर कायम वाफ धरलेली, त्यामुळे त्या आपल्याकडे बघताहेत की नाही ते कधी कळायचं नाही. त्या म्हणायच्या, "मानेनं नाही, डोळ्यानं नाही, तोंडानं. वाफेत तुझी मान कुणाला दिसतेय? न सांगता सोडलीत आणि चादर जमिनीला टेकली, तर ती परत हौदात. आणि तिच्या मागोमाग तुम्ही."

माझ्या दुसऱ्या टोकाला जो असायचा, त्याला सगळे शिडी म्हणायचे. उंच होता म्हणून. मला त्यानंच नाव ठेवलं, खुंटी. म्हणाला, "तू असाच भिंतीत ठोकल्यासारखा उभा राहतोस, आणि बोलत तर मुळीच नाहीस." तो देणारा, मी घेणारा. त्याच्या ढांगा लांब, तो तीन पावलांत माझ्यापर्यंत पोचायचा. पण त्याचे हात माझ्या डोक्याच्या वर असायचे, चादर तिरकी व्हायची. मी म्हणायचो, "वाक." मग तो गुडघ्यात वाकायचा. एका चादरीला दोनदा वाकायचा. दिवसाला आम्ही तीनशे-साडेतीनशे चादरींच्या घड्या घालायचो. एवढं वाकून तो कधी कुरकुरला नाही, फक्त म्हणायचा, "खुंट्या, पुढच्या जन्मी तू वीतभर वाढ, नाहीतर मी देवाकडे तक्रार करीन."

तो सारखा बोलायचा. मी दिवसभरात एकच शब्द बोलायचो. तो म्हणायचा, "याला बायकोनं लग्नात विचारलं असेल, मी पसंत आहे का, तर हा म्हणाला असेल, घेतलं." सगळी खोली हसायची. मीही हसायचो, पण वाफेत ते कुणाला दिसायचं नाही. त्याला मात्र कळायचं. कसं कळायचं, कुणास ठाऊक.

अठरा वर्षं बाळा. अठरा वर्षांत त्यानं माझा शब्द ऐकल्याशिवाय एकदाही चिमूट सोडली नाही. एकदा त्याच्या बोटाला गांधीलमाशी चावली, तरी त्यानं धरून ठेवलं आणि माझ्याकडे बघत राहिला. मी घाबरून बोलायचंच विसरलो होतो. बोट टोमॅटोसारखं सुजलं. मी म्हणालो, सोडायचं ना रे. तो म्हणाला, "तू म्हणालासच नाहीस."

मग त्याची छाती बिघडली. सोड्याची वाफ कुणाला मानवते, कुणाला नाही. श्वास घेताना बारीक शिट्टी वाजायला लागली. तो गालात लवंग धरायचा आणि म्हणायचा, आता मला कुकरसारखी शिट्टी आहे, वहिनीला सांग, तीन झाल्या की उतरव. वहिनी म्हणजे त्याची बायको. पुढं त्याला जिने चढवेनात. आणि एके दिवशी त्याला आमच्याच दवाखान्यात तिसऱ्या मजल्यावर निजवलं. पलंग आखूड पडला, पाय बाहेर. मी दुपारच्या सुट्टीत वर जायचो. तो पांघरलेल्या चादरीचा काठ बघायचा आणि म्हणायचा, "ही आपलीच घडी. बघ, वाकडी आहे. तुझी उंची."

ती सकाळ मला अजून स्वच्छ दिसते. साडेनऊ वाजले असतील. खिडकीतून ऊन पलंगावर आलं होतं. वहिनी औषध आणायला खाली गेली होती. शिडी बराच वेळ डोळे मिटून होता. मग त्यानं डोळे उघडले, अंगावरच्या चादरीचे वरचे दोन कोपरे हळूच चिमटीत धरले आणि माझ्याकडे केले. नेहमीसारखे. मी माझे हात पुढे केले आणि कोपरे पकडले.

तो माझ्या तोंडाकडे बघायला लागला.

मला काय वाटलं ते सांगतो, नीट ऐक, कारण सगळं त्यातच आहे. मला वाटलं, या माणसानं अठरा वर्षांत माझ्या शब्दाशिवाय कधी सोडलं नाही. मग मी म्हणालोच नाही, तर हा सोडणारच नाही. कोण शिकलेला माणूस असं समजेल? पण मी धुलाईतला माणूस. मला एवढंच ठाऊक होतं. मी ओठ घट्ट मिटले.

"घेतलंस...?" तो म्हणाला.

मी मान हलवली. नाही.

तो थोडा हसला. बऱ्याच वेळानं म्हणाला, "हात दुखतात रे, खुंट्या..."

मी बोललो नाही. त्यानं धरलेलं होतं, मीही धरलेलं होतं. ऊन पलंगावरून खाली सरकलं. छातीतली शिट्टी कधी थांबली ते मला कळलं नाही, कारण चादर ताठच होती. वहिनी आली, मग सिस्टर आल्या. सिस्टरांनी त्याची बोटं एकेक करून सोडवली. मला म्हणाल्या, "तुम्हीही सोडा आता, काका." मी तेव्हा काही काका नव्हतो, पण त्या दिवशी दिसत असेन.

तू रडू नकोस. रडण्यासारखं अजून पुढे आहे.

महिनाभर मी एकटाच घड्या घालायचो. एकट्यानं घालायची तर भिंतीत एक लोखंडी आकडा असतो, त्यात दुसरं टोक अडकवायचं. बाई म्हणाल्या, "नवा माणूस देते." मी म्हणालो, "नको, जमतं." त्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा विचारलं नाही.

एकदा दुपारचे चार वाजले होते. सगळे चहाला वर गेले होते. बॉयलर बंद केला की वाफ खाली बसते आणि नळ गार होताना टक... टक... वाजतात, तेवढाच आवाज होता. शेवटची चादर राहिली होती. मी ती तारेवरून काढली आणि झटकली. तिचं दुसरं टोक पुढे वाफेत गेलं.

आणि खाली आलं नाही.

चादर ताणली गेली. आकड्यात अडकली म्हणावं, तर आकडा माझ्या डाव्या हाताला, हातभर अंतरावर होता. मी त्याच्यापर्यंत गेलोच नव्हतो. समोर कुणी नव्हतं. नुसती वाफ. पण चादर ताठ होती, आणि पलीकडचं टोक उंच होतं. माझ्या डोक्याच्याही वर.

माझ्या तोंडातून शब्द निघून गेला. मी ठरवून म्हणालो नाही. मी म्हणालो, "वाक..."

टोक दोन विती खाली आलं.

मी पळालो का? नाही. पायच उचलेनात. पलीकडून झटका आला, कडक, त्याचा जसा असायचा तसा. मग चादर दुमडत माझ्याकडे येऊ लागली. एक पाऊल... दोन... तीन. कोपरे माझ्या हातात आले. हात दिसत नव्हते. पण कापडावर अंगठ्याच्या आणि बोटाच्या चिमटीचे दोन खळगे होते, स्पष्ट. लवंगेचा वास आला. कानाजवळ बारीक शिट्टी वाजली, आत... बाहेर... आत.

तो वाट बघत होता.

मला कळत होतं तो कशाची वाट बघतोय. आणि मला हेही कळत होतं की मी म्हणालो, तर तो सोडील आणि जाईल. महिनाभर मी त्या खोलीत हसण्यासारखा एकही शब्द ऐकला नव्हता बाळा. तुझी आजी त्याच्या आधीच गेली होती. तुझा बाप नोकरीला दूर. घरी गेलो तरी भिंती, कामावर आलो तरी भिंती. मी ओठ मिटले. भोंगा होईपर्यंत आम्ही तसेच समोरासमोर उभे राहिलो. मग मी ती चादर हळूच टेबलावर टेकवली आणि म्हणालो, "उद्या."

सकाळी आलो तर चादर तशीच टेबलावर होती. पण तिचे दोन कोपरे वर उभे होते, मांजराच्या कानांसारखे. मला वाटलं, कांजी जास्त झाली असेल. मी एवढंच मनात आणलं, कांजी.

मग हे रोजचं झालं. चार वाजता सगळे वर गेले की एक चादर. मी पूर्वी बोलत नसे, आता मीच बोलायचो. कुणाचं लग्न ठरलं, कोणता हौद गळतोय, बाईंनी कुणाला झापलं. तो काही बोलायचा नाही, नुसती शिट्टी. पण मी काही गमतीचं बोललो की चादरीला एक बारीकसा हिसका बसायचा, म्हणजे तो हसला. मला बरं वाटायचं. खोटं कशाला सांगू. भीती पहिल्या आठवड्यात संपली. नंतर मी दिवसभर चार वाजायचीच वाट बघायचो. अशी अकरा वर्षं गेली.

एक गोष्ट मला दिसत होती आणि मी ती बघत नव्हतो. मला आता "वाक" म्हणावं लागत नव्हतं. आधी टोक माझ्या डोक्यावर असायचं. मग खांद्याला आलं. मग छातीला. मी मनाची समजूत घातली, एवढ्या वर्षांत गडी शहाणा झाला, न सांगता वाकतो.

वहिनी शिवणकाम करायची. धुलाईतले फाटके अभ्रे मी तिच्याकडे नेऊन द्यायचो आणि शिवून झाले की आणायचो. एकदा ती मशीन चालवता चालवता म्हणाली, "भावोजी, एक सांगू? हसाल."

"नाही हसत."

"हे स्वप्नात येतात. रोज नाही, पण येतात." तिचा पाय पायट्यावर चालूच होता. "उभेच असतात. मी खुर्ची पुढे करते, म्हणते, बसा. बसत नाहीत. हात असे..."

तिनं मशीनवरचे हात उचलले आणि पुढे धरून दाखवले. दोन्ही हातांच्या चिमट्या.

"त्यात काही नसतं. नुसते धरलेले. आधी ताठ असायचे, आता पार वाकलेत. काल तर गुडघे लटलटत होते. मी म्हणाले, अहो, सोडा ना ते, काय धरून बसलाय. तर म्हणतात, तो अजून म्हणाला नाही." तिनं मशीन थांबवलं. "कोण म्हणाला नाही, भावोजी?"

मी म्हणालो, "मला काय माहीत."

"मेल्यावर तरी माणसाला बसायला मिळावं की नाही, सांगा," ती म्हणाली आणि सुईत दोरा ओवायला लागली.

रस्त्यानं परत येताना मला ते उभे कोपरे आठवले. ती कांजी नव्हती. मी "उद्या" म्हणून घरी जायचो, जेवायचो, निजायचो, आणि तो त्या अंधाऱ्या खोलीत, टेबलाशी वाकून, कोपरे धरून उभा असायचा. सकाळपर्यंत. रोज. सुट्टीच्या दिवशी तर दोन रात्री. अकरा वर्षं. आणि त्या दिवशी तिसऱ्या मजल्यावर तो मला सांगून गेला होता की हात दुखतात.

आता तू म्हणशील, मग तुम्ही दुसऱ्याच दिवशी म्हणून टाकलंत ना, आजोबा?

नाही. त्यानंतरही मी आठ महिने म्हणालो नाही.

रोज ठरवून जायचो. चार वाजले, चादर आली, कोपरे हातात आले की शब्द घशाशी यायचा, आणि मग वाटायचं, आज नको. आज त्याला बाईंच्या निवृत्तीचं सांगायचंय. आज नको, आज पाऊस आहे. मी वाईट माणूस नव्हतो, असं मला वाटतं. पण एकटेपणानं माणूस असा होतो, की ज्याच्यावर जीव टाकतो त्यालाच उभं करून ठेवतो आणि त्याला प्रेम म्हणतो. तू मोठी झालीस की कुणाला असं उभं करू नकोस.

शेवटच्या दिवशी काय झालं, तर मी चादर झटकली आणि ती ताणलीच गेली नाही. मला वाटलं, गेला. मी वाकून बघितलं. पलीकडचं टोक होतं. जमिनीपासून चार बोटं वर. तो बहुतेक गुडघ्यांवर आला होता, की त्याहूनही खाली, मला माहीत नाही. चिमटीचे खळगे थरथरत होते. पण कापड जमिनीला टेकू दिलं नव्हतं त्यानं. चार बोटं वर, एवढंच काय ते तो सांभाळत होता. मग टोक सरकायला लागलं, माझ्याकडे. तीन पावलांचं अंतर. किती वेळ लागला, सांगता येत नाही. नळ टक टक करून गार झाले, तरी ते येतच होतं.

मी खाली बसलो. कधी नव्हे ते मी वाकलो. जमिनीजवळ हात नेले. कोपरे माझ्या हातात आले. शिट्टी आता इतकी बारीक होती की कान लावावा लागला.

मी म्हणालो, "शिड्या... घेतलं."

काही झालं नाही. चिमूट तशीच होती. मला वाटलं, ऐकलं नाही. की उशीर झाला आणि शब्द बाद झाला.

मग समोरून, अगदी जवळून, त्याचाच आवाज आला. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

"घेतलं..."

आणि खळगे कापडावरून निघून गेले.

चादर माझ्या हातात मेल्यासारखी पडली. मी तिथंच बसून राहिलो. देणारा कधी घेतलं म्हणत नाही, बाळा. तो शब्द माझा. त्याला द्यायला माझ्या हातात काही नव्हतं. मग त्यानं घेतलं ते काय?

तेवढ्यात पावलं ऐकू आली. वाफेतून पलीकडे, दूर जाणारी. एक लांब ढांगांची, ती तर मी झोपेतही ओळखली असती. आणि तिच्या बाजूला दुसरी. लहान, घाईघाईची, आणि डावा पाय किंचित घासत चालणारी. माझा डावा पाय असा घासतो. लहानपणापासून. खोलीला पलीकडे दार नाही, तिकडे भिंत आहे. पावलं भिंतीपर्यंत गेली, आणि मग पुढेही गेली.

पुढच्या आठवड्यात मी अभ्रे घेऊन वहिनीकडे गेलो. मला वाटलं होतं, ती हसून सांगेल, की बसले एकदाचे. तिनं दार उघडलं. तोंड सुजलेलं होतं. मी विचारायच्या आधीच म्हणाली, "भावोजी, आता येतच नाहीत."

मी अभ्रे पुढे केले.

"सात दिवस झाले. मी दुपारीसुद्धा निजून बघितलं." ती अभ्र्यांची थप्पी हातात घेऊन तशीच उभी होती. "उभे तरी दिसायचे हो..."

मग ती माझ्याकडे बघत राहिली. "तुम्ही काही केलंत का?"

मी म्हणालो, "नाही."

खोटं बोललो. ती आणखी सहा वर्षं जगली, आणि माझ्या माहितीप्रमाणे तो तिला पुन्हा दिसला नाही. ती मला दर वेळी विचारायची, तुम्हाला तरी दिसतात का? मी नाही म्हणायचो. ते मात्र खरं होतं. चार वाजता मी चादर झटकायचो, टोक वाफेत जायचं आणि जमिनीवर पडायचं. रोज एक चादर परत हौदात जायची. नव्या मुकादमांनी मला दोनदा समज दिली आणि मग इस्त्रीच्या टेबलावर बसवलं.

मी अकरा वर्षं त्याला बसू दिलं नाही, आणि सोडलं तेही असं, की तिच्या हातीही काही उरू दिलं नाही. चादर धरायला लागलो की हे सगळं हातात येतं. म्हणून मी काल नको म्हणालो. तुझ्यावर राग नाही.

आणि ते दुसरं, त्यानं काय घेतलं ते. तू मागच्या महिन्यात माझ्यावर चिडली होतीस, आठवतं? मी मागे येऊन उभा राहिलो आणि तू दचकून कप फोडलास. म्हणालीस, "आजोबा, आवाज करून येत जा ना." तुझी आईही म्हणते. घरात सगळे म्हणतात, म्हातारा शांत आहे, चालतोही शांत. मी टाचेला नाल मारलेल्या वहाणा आणल्या. तुमच्यापैकी कुणाला त्या वाजलेल्या आठवतात?

परवा तू अंगणात वाळलेली पानं पसरलीस आणि खेळ काढलास. आधी तू चाललीस, पानं कुरकुर वाजली. मांजर चालत गेलं, त्याच्या पायाखालीसुद्धा वाजली. मग तू मला म्हणालीस, आता तुम्ही. मी या टोकापासून त्या टोकापर्यंत चाललो. तू हसत होतीस, मग हसायची थांबलीस. म्हणालीस, "आजोबा, परत चाला." मी परत चाललो. तू घरात निघून गेलीस.

तू गेल्यावर मी वाकून बघितलं. माझ्या पायाखालची पानं मोडली होती, बाळा. पार चुरा झाला होता. त्यांचा आवाज कुठं झाला, ते मला माहीत नाही.